आबांच्या बाजूला गळणारी काच

आमच्या जुन्या गाडीची पुढची काच मी स्वतः बसवली होती. त्यामुळं ती गळायला लागली तेव्हा शिव्या घालायला दुसरं कुणी हाताशी नव्हतं. एरवी माझी पद्धत अशी, की काही बिघडलं की आधी कुणावर तरी खापर फोडायचं आणि मग पान्हा हातात घ्यायचा. माझे वडील बारामतीत विहिरीवरच्या जळालेल्या मोटारी नवी तार भरून द्यायचे. त्यांच्या दुकानात तांब्याच्या तारेचे वेढे मोजत मी मोठी झाले आणि राग अन् पान्हा दोन्ही तिथूनच घेऊन लासुर्ण्याला सासरी आले. पान्ह्याचं सासरी कौतुक झालं. रागाचं काय झालं ते माझ्या नवऱ्याला विचारा.

गाडी सासऱ्यांची. आम्ही सगळे त्यांना आबा म्हणतो. ऊस कारखान्याला जायला लागल्यावर त्यांनी ती पुण्याहून आणली, तेव्हाही ती जुनीच होती. पुढं दोन गोल दिवे, गिअरचा दांडा स्टेअरिंगला, आणि पुढची सीट बाकासारखी सलग. कंपनीचं नाव सांगत नाही. ज्यांनी त्या काळात लग्नाची वरात पाहिली आहे ते न सांगता ओळखतील. घरात नवी पांढरी गाडीही आहे, पण आबांना ती चालत नाही, आणि हा हट्ट नव्हे. दोन वर्षांपूर्वी त्यांच्या डाव्या अंगावरून वारं गेलं. आता काठी घेऊन चालतात, पण नव्या गाडीची सीट इतकी खोल की आत बसवताना आणि बाहेर काढताना दोन माणसं लागतात. जुन्या गाडीला पाठ करून उभं राहायचं, खुर्चीवर बसावं तसं टेकायचं, मग मी पाय उचलून आत घेते. उतरताना तेच उलटं. कुणी बगलेत हात घालून उचलत नाही. आबांना हे फार महत्त्वाचं. पंचवीस वर्षं गावातले तंटे मिटवलेला माणूस पोत्यासारखा उचलला जावा हे त्यांना सोसत नाही, आणि मलाही बघवत नाही.

दर शुक्रवारी मी त्यांना बारामतीला न्यायची. तिथं एक डॉक्टरीणबाई त्यांच्या हाताचा आणि पायाचा व्यायाम करून घेतात. येताना रस्त्यात पिंपळीला आत्याबाईंकडं, म्हणजे आबांच्या धाकट्या बहिणीकडं, चहा. मग घरी. गाडी चाळीसच्या वर न्यायची नाही. आबा डाव्या बाजूला बसून कुणाचा ऊस किती वाढला, कुणी ठिबक नवीन टाकलं, कुणाच्या पेरूवर पिशव्या चढल्या हे बोलत राहायचे. मला हे दिवस आवडायचे. घरात सून आणि सासरा एकमेकांशी बोलतात ते जेवणाबद्दल आणि औषधाबद्दल. गाडीत आम्ही शेजारीशेजारी बसून पुढं बघत बोलायचो, तोंडाकडं बघायची गरज नसायची, आणि बोलणं सुटायचं.

गेल्या गळीत हंगामात उसाच्या ट्रॉलीच्या चाकाखालून खडा उडाला आणि काचेवर बसला. आधी टिकलीएवढा डाग होता. उन्हाळ्यात त्याला पाय फुटले आणि तडा ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत गेला. बारामतीत एक जुने काचवाले आहेत, त्यांच्याकडं मापाची काच मिळाली. रबर पुण्याहून मागवलं. काचवाले म्हणाले, "ताई, गाडी घेऊन या. आताच्या काचा चिकटवून बसवत्यात, ह्या रबरातल्या काचांचं काम पोरांना येत न्हाय. मी बसवून देतो."

मी म्हणाले, "तुमी कशाला तरास घेताय? मी बसवीन."

ते बोलायला तोंड उघडत होते, तेवढ्यात मी काच पोत्यात गुंडाळून निघाले. त्यांना काय सांगायचं होतं ते मला दोन महिन्यांनी कळलं.

काच बसवायचा दिवस फार छान गेला. जुनी काच काढली, वाळून कडक झालेलं रबर काढलं. रबराखाली चौकटीच्या पत्र्यावर एक काळा, चिकट, बोटाला लागला तर साबणानं न निघणारा थर होता. मी म्हटलं, किती वर्षांचा हा मळ! सुरीनं खरवडला, चिंधी पेट्रोलमध्ये बुडवून पुसला. अर्धा दिवस त्यात गेला. दिवाळीला पितळेचे डबे घासावेत तसा पत्रा लख्ख केला आणि नवऱ्याला बोलावून दाखवला. त्यानंही मान डोलावली. मग काचेला नवं रबर चढवलं, रबराच्या खाचेत सुतळी बसवली, साबणाचं पाणी लावलं आणि काच चौकटीवर टेकवली. मी आत बसून सुतळी हळूहळू ओढायची, तशी रबराची कड पत्र्यावरून आत उडी मारून बसायची. नवरा बाहेरून तळहातानं काच दाबत होता. तासाभरात काच बसली. आबा ओसरीवर खुर्ची टाकून बघत होते. "बसली गं," ते म्हणाले, आणि नवऱ्याकडं बघून, "तुला जमलं नसतं." मी दिवसभर त्या एका वाक्यावर तरंगत होते.

आमच्याकडं पाऊस तसा कमीच. महिना-दीड महिना काचेवर थेंब पडला नाही. गाडी मी ओल्या फडक्यानं पुसायची, पाइपनं धुवायची नाही. त्यामुळं सगळं झाकून राहिलं.

मग परतीच्या पावसात तो शुक्रवार आला. बारामतीबाहेर पडतो न पडतो तोच असा कोसळला की पुढचं दिसेना. मी गाडी रस्त्याच्या कडेला घेतली. व्यायामानं दमलेले आबा झोपले होते. पंधरा-वीस मिनिटं मी वायपरकडं बघत बसले. पाऊस थांबला तसे पिंपळीला गेलो. आत्याबाईंच्या ओसरीवर पावसामुळं शेजारची पाच-सहा माणसं येऊन थांबली होती. आबांना उतरवलं, ते काठी टेकून उभे राहिले, आणि सगळ्यांची नजर एकदमच त्यांच्या धोतराकडं गेली. डाव्या मांडीवरून गुडघ्यापर्यंत धोतर भिजून अंगाला चिकटलं होतं.

आत्याबाई पुढं आल्या. फार मायेची बाई. अगदी हळू आवाजात, पण ओसरीवर सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या हळू, त्या म्हणाल्या, "असू दे दादा. वयानं हुतं आसं. चल आत, धोतर देते."

आबांनी उजवा हात मांडीवर ठेवला, बघितला आणि काढून घेतला. 

मी गाडीत वाकून बघितलं. सीटचं रेक्झिन ओलं, खालची मॅट ओली, डॅशबोर्डाची डावी कड ओलसर. माझ्या लक्षात आलं. मी मोठ्यानं म्हणाले, "अवं आत्या, गाडी गळतीया! काच गळतीया! हे बगा पाणी."

"व्हय व्हय," आत्याबाई म्हणाल्या आणि माझ्या पाठीवर हात फिरवला, "गाडीच गळत आसंल." ओसरीवरच्या एका म्हातारीनं दुसरीला डोळ्यांनी काहीतरी सांगितलं. मला समजलं की मी जितकं बोलेन तितकं ते झाकपाक केल्यासारखं दिसणार. सून किती गुणाची, सासऱ्याची लाज राखते, एवढाच अर्थ निघणार. तरी मी बोलत राहिले, कारण गप्प बसणं मला येत नाही. परतताना आबांनी कुणाच्या उसाकडंही बघितलं नाही.

पुढच्या शुक्रवारी मी गाडी दारात लावली. आबा कॉटवर बसून होते.

"चला आबा."

"न्हाय."

"डॉक्टरीणबाई वाट बघत आसतील."

"न्हाय म्हटलं न्हवं? मी कुठं जायचा न्हाय."

त्यानंतर चार शुक्रवार तसेच गेले. ते ओसरीवरही येईनात. कुणी भेटायला आलं तर झोपल्याचं सोंग. दुपारचा चहा अर्धा ठेवायला लागले, तांब्यातलं पाणी संध्याकाळी जसंच्या तसं. मी म्हटलं, रुसलेत. काच मी बसवली, माझ्यावर राग धरलाय. डॉक्टरीणबाईंनी फोनवर सांगितलं की व्यायाम असाच बंद राहिला तर डाव्या हाताची बोटं मिटत जातील आणि मग उघडणं अवघड. मी रोज जेवायला वाढताना त्या बोटांकडं बघायची. खरंच मिटत चालली होती. मला रात्री झोप लागेना. माझ्या एका काचेपायी हा माणूस घरात कोंडून घेतोय, ह्या विचारानं मी दिवसभर भांडी आपटायची.

काच कोरडी करायची आणि आबांना तिच्यामागं बसवायचं, एवढंच मी डोक्यात घेतलं.

पहिला उपाय केला तो आमच्याच भागातल्या माणसाला सुचेल असा. आमच्याकडं प्रत्येक शेतकऱ्याच्या खोपीत पीव्हीसी पाइप जोडायच्या सोल्युशनचा डबा असतोच. पाइप गळला, सोल्युशन. ठिबकची नळी निसटली, सोल्युशन. चप्पल तुटली तरी आधी तोच डबा आठवतो. मी गाडीत बसले, डाव्या कोपऱ्यात जिथून पाणी आलं होतं तिथं रबर आणि पत्रा ह्यांच्या फटीत आतून भरपूर सोल्युशन ओतलं. वासानं डोकं भणभणलं. दुसऱ्या दिवशी ते वाळून काचेसारखं कडक झालं. पत्र्याचा रंगही चार बोटं उठला, पण मी म्हटलं, रंग गेला तर गेला.

नवऱ्यानं पाइप धरला. मी आत बसले. डावा कोपरा कोरडा ठणठणीत. मी टाळी वाजवणार, तेवढ्यात माझ्याच गुडघ्यावर टपकलं. उजवीकडून.

"काय झालं?" बाहेरून हा ओरडला.

"माझ्या बाजूला गळतंय!"

"आणि आबांच्या?"

"आबांच्या बाजूला कोरडं हाय! तितं थेंब न्हाय!"

हे आम्ही इतक्या मोठ्यानं बोललो की आतल्या खोलीत आबांना सगळं ऐकू गेलं असणार. तेव्हा मला त्याचं काही वाटलं नाही. मी उतरून त्याच्या हातातला पाइप ओढून आपटला आणि गाडीला, रबराला आणि पुण्याच्या दुकानदाराला तोंडाला येईल ते बोलले.

नवरा पायरीवर बसून हसत होता. तो शांत माणूस आहे, त्यामुळं जास्त चिडायला होतं. "आपल्या पाण्याच्या चारीला खेकड्यानं भोक पाडलं हुतं तवा काय झालं?" तो म्हणाला. "पाणी निघालं शेजारच्या वावरात. तू तितं चिखल दाबत बसलीस. तू दाबलंस की ते अजून पुढं जाऊन निघालं. मग भोक कुठं सापडलं?"

"वर. चारीच्या काठाला."

"मंग?"

मी त्याला म्हणाले, एवढं कळत होतं तर पाइप धरायच्या आधी सांगायचं. तो म्हणाला, आधी सांगितलं असतं तर तू ऐकलं असतंस का? ह्यावर मी त्याला चहा दिला नाही.

शेवटी नाक मुठीत धरून बारामतीला काचवाल्यांकडं गेले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "चौकटीवरचा काळा मसाला काय केलात?"

"कुठला मसाला?"

"रबराखाली आसतोय तो. चिकट."

मी हातानंच सुरी चालवल्याची खूण केली. 

"खरवडला?" त्यांनी हसू दाबलं. "ताई, त्यो मळ न्हवता. त्यो कधीच वाळत न्हाय. गाडी हलती, पत्रा हलतो, त्यो बी सोबत हलतो. पाणी अडवायचं काम रबराचं निम्मं, त्याचं निम्मं. मी हेच सांगणार हुतो, तर तुमी काच घेऊन निघाला." मग त्यांनी तसल्या मसाल्याचा डबा दिला आणि भोक शोधायची रीत सांगितली. पाइपाचा जोर लावायचा नाही, पाऊस तसा पडत नसतो. आधी फक्त खालची कड ओली करायची आणि थांबायचं. मग बाजू. वरची कड सगळ्यात शेवटी. एकदम सगळीकडं ओतलं तर कुठून शिरलं ते ब्रह्मदेवालाही कळणार नाही. आणि आतून कोरडी पावडर भुरभुरायची, म्हणजे पाण्याची पहिली रेघ दिसते.

पावडर कुठली, तर मी रांगोळी घेतली. आधी दोन दिवस खपून वाळलेलं सोल्युशन टोकरून काढलं. मग आतून रबराच्या कडेनं, डॅशबोर्डावर, सगळीकडं पांढरी रांगोळी चिमटीनं सोडली. नवऱ्यानं पाठीवर फवारणीचा पंप घेतला. खालची कड, दहा मिनिटं. कोरडं. डावी बाजू, कोरडी. उजवी बाजू, कोरडी. वरची कड सुरू केली आणि आरशाच्या वर, मधोमध, रांगोळीत एक करडी रेघ उमटली. ती रबराच्या पोटातून डावीकडं सरकत गेली, कोपऱ्यात वळली, खाली उतरली आणि डॅशबोर्डाच्या टोकावरून टपकली. आरशापासून आबांच्या मांडीपर्यंतचा तिचा सगळा प्रवास मी डोळ्यांनी बघितला. मला इतका आनंद झाला की मी गाडीतून उतरून नवऱ्याचा ओला हात धरला. तो घाबरला.

टपाच्या पत्र्याला मधोमध जुन्या जोडाचा एक उंचवटा होता. त्याच्या शेजारी रबर नीट टेकत नव्हतं, खराट्याच्या काडीएवढी फट राहत होती. काळ्या मसाल्यानं ती इतकी वर्षं भरून ठेवली होती, आणि मी ती स्वच्छ केली होती.

मसाल्याचा डबा उन्हात ठेवून मऊ केला. लाकडी चाटूच्या दांड्यानं रबराची बाहेरची कड उचलायची आणि जनावरांना औषध पाजायच्या मोठ्या पिचकारीनं मसाला आत सारायचा. पूर्ण चौकटभर, बोटबोट पुढं सरकत. हे काम संपूच नये असं मला वाटत होतं. ऊन कोवळं, हाताला काळं लागलेलं, पलीकडं उसात पाणी चाललेलं. मसाला फटीत जाताना एक जाडसर प्रतिकार लागतो आणि मग तो आत बसतो, ते बोटांना कळतं. वडिलांच्या दुकानात तार बसताना असंच कळायचं.

दुसऱ्या दिवशी दुपारी परत फवारणी. खाली, बाजूला, वर. मग सगळीकडून एकदम. दोन पंप संपले. रांगोळी जशी टाकली होती तशी पांढरी.

मी धावतच आत गेले. "आबा, चला. बगा येऊन. थेंब न्हाय."

बऱ्याच दिवसांनी ते बाहेर आले. काठी टेकत ओसरीच्या टोकापर्यंत आले, फवारणी बघितली, मी दार उघडून रांगोळी दाखवली ती बघितली. "व्हय," म्हणाले, आणि वळून आत गेले.

एवढंच. एक महिना माझा त्यात गेला होता. हाताचं काळं कोपरापर्यंत होतं. माझ्या डोक्यात तिडीक गेली आणि मी त्यांच्या मागं खोलीत जाऊन, सासऱ्याशी कधी बोलले नसेन अशा आवाजात बोलले, "आता अजून काय करू मी? काच कोरडी झाली न्हवं? चुकलं माझं, बसवताना चुकलं. पण त्येची शिक्षा तुमी सोताला का देताय? बोटं मिटायला लागली तुमची!"

आबा कॉटवर बसले. माझ्याकडं न बघता, जमिनीकडं बघत म्हणाले, "आता गळत न्हाय. दिसलं मला." मग काठी बाजूला ठेवली. "त्या दिशी गळत हुती का?"

मला कळेना. "म्हंजे?"

"ह्या अंगाला मला काय कळत न्हाय, पोरी. गार न्हाय, गरम न्हाय. वलं न्हाय, सुकं न्हाय. मला डोळा लागला हुता. उतरल्यावर हात लावला तर वलं." उजव्या हातानं त्यांनी डावी मांडी दाखवली. "गाडीतलं का माझंच, ते मला कळलं न्हाय. तू म्हणलीस गाडी गळतीया. तू मनानं चांगली हाईस, तू तसंच म्हणणार. आन् मंग पाइप मारताना तूच वरडलीस, आबांच्या बाजूला थेंब न्हाय म्हणून."

मी तिथंच खाली बसले. अर्धा टाकलेला चहा, न हललेला तांब्या, सगळं एकदम कळलं. हा माणूस माझ्यावर रुसला नव्हता. महिनाभर तो तहान मारून स्वतःवर पहारा करत होता. आणि मी काच कोरडी करायच्या मागं लागले होते. त्यांना कोरडी काच नकोच होती. त्यांना ती गळताना बघायची होती.

मला रडू आलं, आणि रडू आलं की मला पुन्हा राग येतो, म्हणून मी उठले. बाहेर गेले. चाटू उचलला, रबराची वरची कड उचलली आणि आरशाच्या वरचा मसाला बोटानं उकरून काढायला लागले.

नवरा पंप उतरवून ठेवत होता. "अगं, येड लागलं का तुला? आत्ता बसवलंस न्हवं?"

"पंप भरा."

त्यानं माझ्या तोंडाकडं बघितलं आणि पंप भरला.

आबांना मी हाताला धरून आणलं. ते गाडीला पाठ करून टेकले, मी पाय आत घेतले. स्वच्छ, कोरडं, दुपारीच बदललेलं धोतर होतं. मी त्यांच्या शेजारी बसले. उजवा हात त्यांनी डाव्या मांडीवर ठेवला, तळवा वर करून.

फवारणी सुरू झाली. काही नाही. पाच मिनिटं गेली, सात मिनिटं गेली. मसाला नको तेवढा चांगला बसला होता. मी उतरले, अजून वीतभर उकरला, उंचवट्याच्या दोन्ही बाजूंनी साफ केला, दुसऱ्यांदा माझा मीच सत्यानाश केला आणि परत येऊन बसले. आम्ही दोघं पुढं बघत होतो. आरशाच्या वर रांगोळी ओली झाली. रेघ डावीकडं निघाली. आबांनी मान वळवून तिच्यावर डोळे लावले. कोपऱ्यात ती जरा थांबली, मग खाली उतरली.

पहिला थेंब त्यांच्या तळव्यात पडला. दुसरा मनगटावर. मग त्यांनी हात काढून घेतला आणि पाणी मांडीवर पडू दिलं. धोतर हळूहळू भिजत गेलं, मांडीवरून गुडघ्याकडं, अगदी त्या दिवशीसारखं. ते बघत राहिले. ते रडणार असं मला वाटलं.

ते रडले नाहीत. त्यांनी खिडकीतून डोकं बाहेर काढलं आणि दोन वर्षांत ऐकला नव्हता अशा आवाजात, शेजारच्या चार घरांना ऐकू जाईल असं, नवऱ्याला ओरडून सांगितलं, "आरं, तुझ्या बायकूनं काच धड बसवली न्हाय बग! सगळं पाणी माझ्या अंगावर!"

"व्हय आबा," मीही तितक्याच मोठ्यानं म्हणाले, "माझीच चूक हाय!" आणि नवऱ्याला पंप परत भरायला सांगितला.